कोंबड्यांच्या वासावर पावडर घेतली आणि ४८०० रुपये गेले

गेल्या जुलैत आमच्या घरी जे झालं ते आत्ता लिहितोय कारण परवाच कळलं की आम्हाला ती पावडर विकणारा माणूस आता संगमेश्वरकडच्या वाड्यांमध्ये फिरतोय. पावसात कोंबड्यांचा वास सगळ्यांनाच सतावतो, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही.

आमचं घर चिपळूणजवळ. परसात १० बाय ८ चं खुराडं आहे, वर पत्रा, खाली भाताच्या तुसाची गादी, आणि ४० पक्षी, गावरान आणि थोड्या गिरिराज जातीच्या. सगळं आईचं. अंडी ती विकते, पैसे तिच्या डब्यात जातात आणि त्यातूनच बचत गटाचा हप्ता भरते. उन्हाळ्यात काही त्रास नसतो पण पाऊस लागला की वास सुरू होतो, आणि गेल्या वर्षी तर इतका झाला की शेजारच्या काकूंनी मागची खिडकी उघडणं बंद केलं. त्या भांडल्या नाहीत पण आईला ते फार लागलं.

तेवढ्यात हा आला. बाईकवर, टीशर्टवर कंपनीचं नाव, गळ्यात कार्ड. आईला काकी काकी करत थेट परसात गेला, म्हणाला जपानी टेक्नॉलॉजीचे जिवाणू आहेत, ते विष्ठा खातात, वास मुळातूनच जातो. मग बॅगेतून एक छोटी स्प्रेची बाटली काढली आणि खुराड्याच्या एका कोपऱ्यात मारली, चायनीजच्या गाडीवर येतो तसा आंबूस वास आला आणि खरंच सांगतो, पाच-दहा मिनिटांत त्या कोपऱ्यातला डोळे चुरचुरवणारा वास कमी झाला. मी स्वतः वाकून बघितलं. म्हणाला हेच सगळं पावडरच्या रूपात या पिशवीत आहे, ५ किलोची पिशवी १२००, चार घेतल्या तर पावसाळा निघून जाईल. आईने डबा आणला. थोडे रोख दिले, बाकीचे मी यूपीआयने, आणि पैसे कंपनीच्या नावावर न जाता एका माणसाच्या नावावर गेले हे मला तेव्हाच दिसलं होतं तरी मी बोललो नाही.

पिशवी मात्र त्याने समोर उघडून दाखवली नाही. सगळा खेळ तिथेच होता.

पहिले दोन दिवस बरं वाटलं, पावडरला निलगिरीसारखा वास होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आत उभं राहवेना, नाकातोंडात झिणझिण्या. फोन केला तर म्हणाला जिवाणू जागे होतायत, डोस वाढवा. वाढवला. कोंबड्या डोळे मिटून कोपऱ्यात बसायला लागल्या, काहींच्या डोळ्यातून पाणी, आणि रोजची १४-१५ अंडी आठ-नऊवर आली.

कळलं ते आईमुळे. त्या दिवशी ती बांगडा मासळीला हळद-मीठ लावत होती, हात नुसते धुतल्यासारखे केले आणि तशीच पावडर टाकायला गेली. परत आली ती हात पुढे धरूनच, बोटं लाल झालेली. मला वाटलं कापलं. ती म्हणाली, अरे रक्त नाही हे, कुंकू झालंय बघ. तिच्या माहेरी हळदीला चुना लावून कुंकू करायचे, आणि पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप आपण सगळेच लावतो, लाल होतो तो. मग वाटीत मुद्दाम हळद घेऊन पावडर आणि दोन थेंब पाणी टाकलं, क्षणात लालभडक. म्हणजे पिशवीत चुनाच. आई खाली बसली आणि म्हणाली, माझे अंड्याचे पैसे रे. ते अजून कानात आहे माझ्या.

पिशवी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. कोंबडी वेगळी लघवी करत नाही, विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक अ‍ॅसिड, ते ओलं झालं की जंतू त्याचा अमोनिया करतात. आंबट पदार्थ टाकला तर तो अमोनिया गादीतच बांधला जातो, म्हणून बाटलीचा डेमो खरा वाटला. आणि चुना आंबटाच्या उलटा, त्याने बांधलेला अमोनियासुद्धा मोकळा होऊन हवेत येतो. म्हणजे पावडर जितकी जास्त टाकली तितका गॅस आम्हीच काढत होतो. चुना वाईट नाही, खुराडं रिकामं असताना जमिनीला, भिंतींना मारतातच, पण ओल्या घाणीवर आणि पक्षी आत असताना नाही. आणि तेवढा चुना हार्डवेअरच्या दुकानात कितीतरी स्वस्तात आला असता.

घरी येऊन पिशवी नीट वाचली. बॅच नंबर नाही, तयार केल्याची तारीख नाही, कारखान्याचा पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, आणि एका कोपऱ्यात एफएसएसएआयचा शिक्का. तो शिक्का खाण्याच्या वस्तूंचा असतो, गादीत टाकायच्या पावडरीवर त्याचं काय काम? हे घ्यायच्या आधी वाचायला दोन मिनिटं लागली असती.

वासाचं खरं कारण डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नात निघालं, पाणी कुठून येतं? पत्र्याच्या पागोळ्या वाऱ्याने आत येत होत्या आणि पाण्याचं भांडं जमिनीवर होतं, पक्षी त्यात पाय घालून सांडायचे. पत्रा दीड फूट पुढे काढला, भांडं विटांवर ठेवून पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर आणलं, सगळी ओली गादी फावड्याने काढून खड्ड्यात टाकली आणि गिरणीतून सहा पोती कोरडं तूस आणलं. आम्ही वास येतो म्हणून वरची जाळी प्लास्टिकने झाकली होती, तीच चूक, गॅस बाहेर जाणार कुठून, ते प्लास्टिक फाडलं. आता आई रोज सकाळी दाताळ्याने गादी खालीवर करते आणि मूठभर तूस दाबून बघते, लाडू वळला तर ओलं आहे म्हणून तेवढं काढायचं, मूठ उघडल्यावर मोकळं पडलं तर ठीक. रात्री बसायच्या काठीखाली सगळ्यात जास्त घाण पडते, तिथे गोणपाट टाकतो आणि उचलून झटकतो. दहा-बारा दिवसांत काकूंची खिडकी उघडली.

पैसे आले नाहीत. त्याचा नंबर तिसऱ्या फोननंतर बंद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, पण तक्रार पुढे न्यायला विक्रेत्याचं नाव-पत्ता लागतो आणि आमच्याकडे फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि दोन न फोडलेल्या पिशव्या आहेत. त्या मी तशाच ठेवल्यात. तुमच्या वाडीत कुणी अशी पावडर घेतली असेल तर चिमूटभर ओल्या हळदीवर टाकून बघा, लाल झाली तर पिशवी फेकू नका, फोटो काढा आणि मला कळवा, दोन-चार जणांच्या पिशव्या एकत्र आल्या तर मी सगळ्यांच्या सह्या घेऊन पोलीस स्टेशनला जाणार आहे.