छपाईची फाईल कशात करू: कोरल, इनडिझाईन की कॅनव्हा?

स्मरणिका, दिवाळी अंक, स्वतःचा कवितासंग्रह नायतर घरच्या लग्नाची पत्रिका, काहीही छापायचं ठरलं की हा प्रश्न येतोच आणि ज्याला विचाराल तो स्वतः जे वापरतो तेच सांगतो. कोरल (कोरलड्रॉ), इनडिझाईन आणि कॅनव्हा ही तिन्ही पानं मांडायची सॉफ्टवेअर, माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठी मजकूर १६ पानांच्या वर जाणार असेल तर इनडिझाईन, एकदोन पानांचं काम असेल तर कोरल, आणि कॅनव्हा तेव्हाच जेव्हा डिजिटल मशीनवर (प्लेट न काढता फाईलवरून थेट छापणाऱ्या) शंभर-दोनशे प्रती काढायच्यात आणि फाईल नीट एक्सपोर्ट करायची तुमची तयारी आहे. आता का ते बघू.

कोरलपासून सुरुवात करतो कारण आपल्याकडे बहुतेक प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर तेच उघडं असतं. पत्रिका, पॅम्प्लेट, लेटरहेड, स्टिकर, बॉक्स, ह्या कामांत त्याला तोड नाही. प्रेसवाला फाईल उघडतो, तारीख चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो, एका शीटवर चार-आठ अप (त्याच कामाच्या तितक्या प्रती) लावतो, कटिंग मार्क देतो आणि प्लेटला पाठवतो, तुम्हाला परत घरी जाऊन फाईल बदलून आणावी लागत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे व्हर्जन, नव्या कोरलची फाईल जुन्यात उघडत नाही, म्हणून आधी प्रेसला फोन करून विचारा तुमच्याकडे कुठलं आहे आणि सेव्ह ॲज करताना तेच व्हर्जन निवडा. दुसरं म्हणजे फॉन्ट. सगळा मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, म्हणजे कर्व्ह (अक्षरांचे नुसते आकार होतात, फॉन्ट लागत नाही), आणि कर्व्ह न केलेली कॉपी स्वतःकडे वेगळी ठेवा कारण कर्व्ह झाल्यावर एक काना पण टाईप करून बदलता येत नाही.

पण ८० पानांचं पुस्तक कोरलमध्ये करायला घेतलं की हाल सुरू होतात. प्रुफं वाचताना लेखकाने १२व्या पानावर एक परिच्छेद घुसवला की पुढचं सगळं सरकतं, शीर्षकं पानाच्या तळाशी एकटी पडतात, आणि हे सगळं हाताने जुळवत बसावं लागतं. हेच काम इनडिझाईनमध्ये स्टाईल (शीर्षक, परिच्छेद ह्यांचं एकदा ठरवून ठेवलेलं रूप) लावलेल्या असतील तर आपोआप सरकून बसतं, पान क्रमांक पॅरेंट पेजवरून (सगळ्या पानांच्या साच्यावरून) येतात, अनुक्रमणिका स्टाईलवरून तयार होते. लांब मजकुराला मी दुसरं काही सुचवणारच नाही.

मात्र इनडिझाईनमध्ये मराठी पहिल्यांदा पेस्ट केल्यावर बरेच जण घाबरून परत कोरलकडे पळतात, कारण वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटतात, 'विद्यार्थी' वाचताच येत नाही. बिघाड काही नसतो, सेटिंग असतं. पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोजर निवडा, सगळं जागेवर येतं. मग कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करा, हिंदी नाही. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर अख्खं पुस्तक हिंदी वळणाच्या ल-श मध्ये छापलं जातं आणि वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटत राहतं. आणखी एक, जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंग (अक्षरांतली जागा) मिनिमम, डिझायर्ड, मॅक्सिमम तिन्ही ठिकाणी शून्य ठेवा. इंग्रजीत अक्षरं एकमेकांपासून थोडी लांब केली तर चालतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. कॅनव्हात पण हेच, शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांतली जागा वाढवली की रेषेत फटी.

खर्च बघायचा तर इनडिझाईन भाड्यानेच मिळतं, सीएस६ ह्या जुन्या आवृत्तीनंतर कायमचं विकत घ्यायची सोय राहिली नाही. एकाच पुस्तकासाठी महिन्याभराचं सबस्क्रिप्शन घेऊन काम उरकता येतं पण पुढच्या आवृत्तीला परत घ्यावं लागेल हे धरून चला. अजिबात खर्च नको असेल तर स्क्रायबस आहे, फुकट आहे, १.६ मध्ये देवनागरी नीट दिसते, सीएमवायके (छपाईच्या चार शाई: सी निळसर, एम किरमिजी, वाय पिवळी, के काळी) आहे, पीडीएफ चांगली निघते, फक्त शिकायला चिकाटी लागते आणि अडलात तर प्रेसमध्ये कोणी सांगणारा मिळणं कठीण.

आता कॅनव्हा. दिसायला सुंदर, मराठी फॉन्ट आहेत, फोनवर पण होतं, म्हणून लोक त्यावर कव्हर करतात आणि जेपीजी काढून व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतात, तिथेच वाट लागते कारण फोटो आकसतो. ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवं. निदान पीडीएफ प्रिंट निवडा, क्रॉप मार्क आणि ब्लीडवर टिक करा, बॅकग्राऊंड ब्लीडपर्यंत ओढा आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्लीड म्हणजे चारी बाजूंनी ३ मिमी जादा. कटिंगला ब्लेड अर्धा मिमी इकडेतिकडे होणारच, जादा रंग नसेल तर कडेला पांढरी रेघ राहते. सीएमवायके हवं तर प्रो लागतं, फुकटच्या कॅनव्हातून आरजीबीच (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) निघतं.

आणि आरजीबीचा त्रास भडक रंग फिका पडण्यापुरता नाही. भगवा मळकट होतो, निळा जांभळट होतो, ते दिसतं तरी. खरा घात काळ्या मजकुरात होतो. आरजीबीतला काळा सीएमवायकेमध्ये बदलला की तो चारही शाईंचा बनतो, फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन सेटिंगवर आकडे येतात सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९०, म्हणजे एकूण ३०० टक्के शाई. आता १० पॉईंटचं देवनागरी अक्षर घ्या, शिरोरेषा किती बारीक असते, तिच्यावर चार प्लेटा एकावर एक तंतोतंत बसायला हव्यात. मशीनवर जरा रजिस्ट्रेशन (प्लेटांची जुळणी) हललं की रेषेच्या वर निळी आणि खाली लाल किनार दिसते, अनुस्वार दोन-दोन दिसतात, पान वाचताना डोळे दुखतात. मजकूर फक्त के १०० हवा, बाकी तिन्ही शून्य. इनडिझाईनचा ब्लॅक स्वॅच (तयार काळा रंग) तसाच असतो आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) पण आपोआप होतो. कोरलमध्ये डॉक्युमेंट सीएमवायके ठेवून के १०० द्या. वर्ड नाहीतर कॅनव्हातून आलेल्या पीडीएफला मात्र ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करून बघा, मजकूर तरी दिसत असेल तर फाईल प्लेटला देऊ नका. डिजिटल मशीनवर हा त्रास कमी जाणवतो, म्हणून कॅनव्हाला मी तिथे हो म्हणतो आणि ऑफसेटला (प्लेटवरच्या छपाईला) नाही.

जुन्या फॉन्टचा मुद्दा घाईत सांगतो. श्रीलिपीच्या जुन्या (युनिकोड नसलेल्या) फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर असेल आणि फक्त छापायचा असेल तर कोरलमध्ये तसाच वापरा. पुढे ई-बुक करायचं असेल तर युनिकोड करून घ्या, पण कन्व्हर्टरवर विसंबू नका, 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असे शब्द शोधून तपासा, तो अर्धा र बरेचदा रफार होऊन येतो. फॉन्ट विकत घ्यायचे नसतील तर मजकुराला मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या, दोन्ही फुकट आणि वाचायला स्वच्छ.

ओपन फाईल (मूळ, बदलता येणारी) द्यायची की पीडीएफ, ह्यावर माझं म्हणणं असं की पत्रिकेला ओपन चालेल, पुस्तकाला पीडीएफच. पण आधी प्रेसला विचारा की पानं फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांच्या संचात) लावताना तुम्ही पीडीएफ कोरलमध्ये उघडता का. काही ठिकाणी उघडतात, आणि एम्बेड केलेला (फाईलमध्येच घातलेला) मराठी फॉन्ट तिथे सुटतो, जोडाक्षरं फुटतात. तसं असेल तर कर्व्ह केलेली पीडीएफ द्या, नसेल तर फॉन्ट एम्बेड केलेली एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) पुरे. काहीही असो, फर्म्याचं प्रूफ कागदावर मागून घ्या, सगळं वाचायची गरज नाही, पण प्रत्येक पानावरची जोडाक्षरं आणि पान क्रमांक तरी नजरेखालून घाला.

पुस्तक करत असाल तर दोन्ही वापरायला पण हरकत नाही, आतली पानं इनडिझाईनमध्ये आणि कव्हर कोरलमध्ये, मी असंच करतो. फक्त कव्हर शेवटी करा. पानांचा आकडा पक्का झाल्याशिवाय कण्याची (पुस्तकाच्या पाठीची) जाडी कळत नाही, २०० पानं म्हणजे १०० कागद, साध्या मॅपलिथो कागदावर अंदाजे १ सेंमी कणा, पण अंदाजावर जाऊ नका, त्याच कागदाची कोरी डमी प्रेसकडून बांधून घ्या, पट्टीने मोजा आणि मगच कण्यावर नाव टाका.