बाळासाठी एजन्सीतून बाई ठेवली: वर्षभराचा अनुभव (वडोदरा)

वर्ष होत आलं आणि बाळाला सांभाळणाऱ्या बेन (गुजरातीत ताई) अजून आमच्याकडेच आहेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही. आम्ही वाघोडिया रोडला राहतो. माझी 26 आठवड्यांची रजा संपत आली होती, सासूबाईंचे गुडघे धड नाहीत, आणि पाळणाघराची सक्ती 50 माणसांपासून पुढे; आमचं ऑफिस त्याहून लहान. दांडिया बाजारातल्या नातेवाइकांना विचारून झालं, मग एजन्सी गाठली.

आधी पैशांचं. कमिशन एका पगाराइतकं, एकदाच. दुसऱ्या एका एजन्सीत पगार त्यांच्याच हाती द्यायचा होता, दरमहा कापून उरलेला त्या बाईला देणार. तिथून मी उठूनच आले. जी दिवसभर माझं लेकरू कडेवर घेते तिच्या हातात पूर्ण पगार पडलाच पाहिजे. हा एक प्रश्न विचारा, एजन्सी कशी आहे ते लगेच कळतं.

'व्हेरिफिकेशन झालंय' म्हणाले, पण कागद मागितल्यावर टाळाटाळ. शेवटी गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर नोंदणी आम्हीच केली.

काढून ठेवलेलं दूध बाटलीने नको, वाटी-चमच्याने पाजा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एजन्सीच्या 'ट्रेनिंग'मध्ये याचा पत्ता नव्हता. बेननी ते पहिल्याच आठवड्यात आत्मसात केलं: बाळाला जरा उभं धरायचं, घोट गिळला की मगच पुढचा चमचा. इतका धीर माझ्यातही नाही.

बेन छोटा उदेपूरकडच्या. तिकडे होळी हा वर्षाचा मोठा सण, त्यानंतर कवांटला गेरचा मेळा. कामासाठी बाहेर पडलेली माणसं तेव्हा गावी परततात. बदली बाई देऊ, हे आश्वासन तोंडी होतं. ऐन वेळी फोन केला तर म्हणाले, सगळ्याच गावी गेल्यात. त्यांच्याकडच्या बहुतेकजणी त्याच पट्ट्यातल्या, तेव्हा ते खरंही असेल. नवऱ्याने आणि मी आळीपाळीने रजा काढल्या. बेनवर रागवायचं कारणच नाही, त्यांची स्वतःची मुलं गावी आजीकडे असतात. राग एजन्सीचा आला, कारण दरवर्षीची गोष्ट त्यांना माहीत असूनही आम्हाला आधी कोणी सांगितलं नाही.

नव्या करारात होळीची भरपगारी सुट्टी लिहून घेतली आहे. त्या दिवसांसाठी मावससासूबाईंना आत्तापासूनच सांगून ठेवलंय.