ऑनलाइन मॅक्रो इकॉनॉमिक्स: नऊ महिन्यांचा अनुभव, कळमन्याच्या डाळ मिलमधून

मी नागपुरात कळमन्याच्या बाजूला एका डाळ मिलमध्ये हिशेब बघते. बी.ए. शेवटच्या वर्षाला सुटलं होतं. ते २० वर्षांनी पूर्ण करायला घेतलं आणि त्यातला एक विषय म्हणून जानेवारीत समग्रलक्षी अर्थशास्त्राचा, म्हणजे मॅक्रोचा, प्राथमिक ऑनलाइन कोर्स लावला. १२ आठवडे, आठवड्याला चार-पाच व्हिडिओ, दर रविवारी रात्री १२ पर्यंत क्विझ आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर घरूनच परीक्षा. परीक्षा मे महिन्यात झाली, पण व्हिडिओ वर्षभर उघडे असतात, म्हणून अजूनही बघते. आता सप्टेंबर लागला. नोकरी सांभाळून हा विषय घ्यावा का, असं ओळखीतल्या तिघी-चौघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगते: घ्या. पण वही-पेन्सिल घेऊन बसणार असाल तरच. मी पहिले दोन आठवडे स्वयंपाक करता करता मोबाइलवर व्हिडिओ ऐकले. सगळं समजल्यासारखं वाटलं आणि क्विझमध्ये दहापैकी चार आले. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक आलेख व्हिडिओ थांबवून हाताने काढायला लागले, अक्षांवर नावं मराठीत लिहायला लागले, तेव्हा गाडी रुळावर आली. २० मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास लागायचा. आठवड्याला सात-आठ तास धरून चाला.

भाषेचंही सांगते. शिकवणं इंग्रजीत, वेग बरा, उच्चार स्पष्ट. पण 'अ‍ॅग्रिगेट डिमांड', 'डिफ्लेटर', 'क्राउडिंग आउट' हे शब्द नुसते कानावरून जायचे. भाची बारावीला आहे, तिचं बोर्डाचं मराठी पुस्तक मागून आणलं. एकूण मागणी, स्थूल देशांतर्गत उत्पादन, हस्तांतरित देणी असे शब्द वहीच्या डाव्या पानावर आणि इंग्रजी शब्द उजव्या पानावर देवनागरीत, अशी यादी केली. मराठी माध्यमातून शिकलेल्या कोणालाही मी हेच सांगेन. पहिल्या आठवड्यातच हे काम उरकून घ्या.

तिसऱ्या आठवड्यात जीडीपी, म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन, आला आणि मला हिशेब येतो याचीच अडचण व्हायला लागली. आमच्या बोलण्यात गुंतवणूक म्हणजे एफडी, सोनं, शेअर, एखादा प्लॉट. मॅक्रोमध्ये यातलं काहीच गुंतवणूक नाही. ती बचत, नाहीतर आधीच असलेल्या वस्तूची मालकी बदलणं. गुंतवणूक म्हणजे नवीन यंत्र, नवीन शेड, नवीन बांधलेलं घर आणि साठ्यात पडलेली भर. ही शेवटची गोष्ट मला ३१ मार्चला उमगली. त्या दिवशी आमच्याकडे पोती मोजतात. रात्री साडेनऊपर्यंत मी गोदामात थप्प्या मोजत होते, एका थरात किती, थर किती, वर सुटी पोती किती. आकडे लिहिता लिहिता लक्षात आलं की गेल्या वर्षापेक्षा जी भर दिसतेय, तीच व्हिडिओतली 'साठ्यातली गुंतवणूक'. विकली न गेलेली डाळ मिलने स्वतःच घेतली असं मानतात, म्हणून देशाचं उत्पादन आणि देशाचा खर्च हे दोन्ही आकडे जुळतात. आमच्या ताळेबंदातही दोन बाजू जुळाव्याच लागतात, त्यामुळे हे मनात पक्कं बसलं.

मूल्यवर्धनाचं उदाहरण कोर्समध्ये पावाचं होतं: गहू, पीठ, पाव. मी ते तुरीवर करून बघितलं. समजा, शेतकऱ्याने एक क्विंटल तूर ७,००० रुपयांना विकली. त्यातून ७० किलो डाळ निघाली, मिलने ती १२० रुपये किलोने दुकानदाराला दिली, म्हणजे ८,४०० झाले. दुकानदाराने १३० ने विकली, ९,१०० आले. तिन्ही विक्र्या मिळवल्या तर २४,५०० होतात, पण देशात तेवढं उत्पादन झालेलंच नाही. शेतकऱ्याचे ७,००० (बी-खताचा खर्च सोपेपणासाठी सोडला), मिलचे १,४०० आणि दुकानदाराचे ७०० मिळून ९,१००, आणि तीच ग्राहकाने मोजलेली शेवटची किंमत. मग चुनीचं काय, असा प्रश्न पडला. डाळ काढल्यावर उरते ती चुनी, जनावरांच्या खाद्यासाठी जाते. मी सरांना लिहून विचारलं. दोन दिवसांत उत्तर आलं: तीही मिलचीच कमाई, पण ती म्हशीच्या खाद्यात गेली की मध्यवर्ती वस्तू, म्हणजे दुसरं काही तयार करायला वापरलेली वस्तू, झाली, तिचं मोल शेवटी दुधाच्या भावात येतं. एवढ्या नेमक्या उत्तराने मला पुढचे कितीतरी आठवडे हुरूप दिला. शिकवणाऱ्यांना प्रश्न विचारा, ते वाचतात.

आयातीबद्दल तर मी उलटंच धरून बसले होते. जीडीपीच्या सूत्रात आयात वजा केलेली असते, म्हणजे बाहेरून माल आणला की जीडीपी घटतो, असा माझा समज. तसं नाही. नागपूरच्या घरात शिजणाऱ्या डाळीत म्यानमारची लेमन तूर असू शकते, मोझांबिकची असू शकते. ग्राहकाच्या खर्चात तिची किंमत आधीच मोजली गेलेली असते, आणि ती आपल्याकडे पिकलेली नाही म्हणून बाहेर काढतात, एवढंच. ती तूर आमच्या मिलमध्ये भरडली तर भरडाईपुरतं मोल आपलं.

कोर्समधला सगळ्यात मोलाचा भाग माझ्या मते सहावा आणि सातवा आठवडा: उपभोग, बचत आणि गुणक, म्हणजे एक खर्च हातोहात फिरून एकूण कितीपट होतो तो आकडा. हाती आलेल्या जादा रुपयातले ८० पैसे लोक खर्च करतात असं धरलं, तर १,००० रुपयांचा खर्च पुढच्याच्या हाती ८०० होतो, मग ६४०, मग ५१२. व्हिडिओत थेट सूत्र देऊन ५,००० लिहून टाकलं. मी कॅल्क्युलेटर घेऊन २० फेऱ्या केल्या, बेरीज ४,९४२ आली, तेव्हा विश्वास बसला. खऱ्या जगात कर, आयात यांतून पैसा गळत जातो आणि गुणक बराच लहान असतो. हे व्हिडिओत एका वाक्यात उरकलंय, तिथे निदान एक पूर्ण उदाहरण हवं होतं.

हाच हिशेब उलटा लावला की काटकसरीचा विरोधाभास येतो: सगळ्यांनी एकदम बचत केली की सगळ्यांचंच उत्पन्न घटतं. अर्थतज्ज्ञ केन्सच्या १९३६च्या मांडणीमुळे तो अभ्यासक्रमांत रुजला. तो व्हिडिओ बघून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ तशीच बसले. मला २०२० आठवलं. त्या वर्षी एप्रिल ते जून तिमाहीत देशाचा जीडीपी आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज आला होता. ती घसरण मुख्यतः टाळेबंदीची. पण टाळेबंदी उठल्यावरही आम्ही घरात हात आखडता घेतला होता. रंगकाम पुढे ढकललं, दिवाळीला कपडे शिवले नाहीत, ब्लाऊजसुद्धा जुनेच. पगार वेळेवर मिळेल की नाही याची खात्री नव्हती, त्यामुळे माझ्या घरापुरतं ते बरोबरच होतं. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. सगळ्या घरांनी माझ्यासारखंच शहाणपण केलं आणि काकूंचं मशीन त्या दिवाळीला झाकलेलंच राहिलं. माझी बचत म्हणजे त्यांचं बुडालेलं उत्पन्न, हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. आयुष्यभर एका घराचा, एका मिलचा हिशेब केलेल्या माणसाला हा विषय शिकायला हवा तो यासाठी. एका वहीत जे बरोबर, ते सगळ्या वह्या एकत्र ठेवल्यावर बरोबर राहीलच असं नाही.

याच भागातल्या क्विझमध्ये एका उत्तराने मला फार मनस्ताप दिला. पेन्शन हा सरकारी खर्च म्हणून जीडीपीत धरावा की नाही, असा प्रश्न होता. मी 'नाही' लिहिलं, चूक ठरवलं. मी लाडकी बहीण योजनेचं उदाहरण देऊन पत्र लिहिलं: जुलै २०२४ पासूनच्या या योजनेत महिन्याचे १,५०० रुपये खात्यात येतात तेव्हा त्या बदल्यात कुठली वस्तू किंवा सेवा तयार झालेली नसते. आमच्या हमालाच्या बायकोने त्यातून मुलाची वह्या-पुस्तकं घेतली की ती रक्कम उपभोग म्हणून मोजली जाते, एकदाच. पेन्शनचंही तसंच. उत्तरसूची तीन आठवड्यांनी सुधारली, पण मार्क वाढवून दिले नाहीत. शिवाय आकडी उत्तर '४/५' लिहिलं तर चूक आणि दशांशात लिहिलं तरच बरोबर, हे आधी कुठेही सांगितलेलं नव्हतं. पैसे भरून शिकणाऱ्याला निदान एवढी काळजी घेतलेली मिळायला हवी.

बेरोजगारीचा भाग पूर्ण अमेरिकेचा आहे: गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं का, वगैरे. आपल्याकडच्या सर्वेक्षणात साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येनुसार सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, हे मला बाहेरून वाचावं लागलं. आमच्याकडचे एक हमाल म्हणतात, "ताई, काम तं भेटून राहिलं, पण रोज नाही." त्यांची ही स्थिती बेरोजगारीच्या टक्केवारीत दिसत नाही, आणि भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कोर्समध्ये हे यायलाच हवं होतं.

बँकांचा आठवडा जुना वाटला. ठेवीतले १० टक्के राखून उरलेले कर्ज द्यायचे, ते परत ठेव होतात, अशी साखळी दाखवली आहे. अमेरिकेत मार्च २०२० पासून ती राखीव अटच शून्यावर आणली आहे. आपल्याकडे सीआरआर, म्हणजे ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा राखीव हिस्सा, आहे, पण तोही २०२५ मध्ये ४ वरून ३ टक्क्यांवर टप्प्याटप्प्याने आणला. बँक कर्ज देतानाच ठेव तयार होते, हे आमच्या मिलच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत उचल देणाऱ्या) खात्यावर मी रोज बघते. व्हिडिओ नव्याने करायला हवेत.

चलनवाढीचा भाग मात्र उत्तम. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता, म्हणजे डाळ-भाजी महागली की आकडा हलणारच. २ जून २०२३ ला केंद्राने तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा घातली. मिलसाठी शेवटच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त ते. तेव्हा मी नुसते आकडे भरत होते, त्यामागची साखळी आता कळते. आईची एक एफडी साडेपाच टक्क्यांची होती. एप्रिल २०२२ मध्ये चलनवाढ ७.८ टक्क्यांच्या घरात होती. वहीत वजाबाकी केली, उणे २.३. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, मग व्याज मिळालं तरी पैसे कमीच झाले ना!" वास्तव व्याजदर तिला एका वाक्यात कळला.

त्याच आठवड्यात मी संविधान चौकातून घरी येत होते. तिथे रिझर्व्ह बँकेची इमारत आहे आणि बाबासाहेबांचा पुतळा आहे. कितीदा तिथून गेले असेन, पण या दोन गोष्टींचा संबंध मनात कधी जोडला नव्हता. लंडनमध्ये बाबासाहेबांनी डी.एस्सी.साठी लिहिलेला प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावर होता, तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर ठेवणं हे खरं काम, असा त्यांचा आग्रह होता. रिझर्व्ह बँक १९३५ ला आली आणि ४ टक्क्यांचं चलनवाढीचं लक्ष्य, दोन टक्के इकडेतिकडे, कायद्याने ठरलं २०१६ मध्ये. नागपूरच्या शिक्षकाने हा धडा या चौकापासून सुरू केला असता.

परीक्षेबद्दल सावध करते. मे महिना, सकाळी ११ ची वेळ. आवाज ऐकू आला की यंत्रणा इशारा देते, तीन इशाऱ्यांनंतर पेपर बंद. आमच्याकडे डेझर्ट कूलर. पहिल्या १० मिनिटांत त्याच्या आवाजाने दोन इशारे आले. उठून कूलर बंद करायलाही परवानगी नव्हती, आणि पुतण्याला हाक मारली असती तर तिसरा इशारा आला असता. मी पाय लांब करून पायानेच बोर्डाची वायर ओढली. पुढचे पावणेदोन तास त्या खोलीत, घामाने पेन्सिल निसटत होती. तक्रारीला १९ दिवसांनी छापील उत्तर आलं. विदर्भात उन्हाळ्यात कूलरशिवाय बसता येत नाही, हे ज्यांनी परीक्षा आखली त्यांना कोणीतरी सांगायला हवं. तुम्ही सकाळी ८ ची वेळ मिळाली तर तीच घ्या, नाहीतर एसी असलेल्या नातेवाइकाकडे जाऊन बसा.

मला ६८ मिळाले. व्हिडिओ जानेवारीत बंद होतील. त्याआधी मला नववा आठवडा, विनिमय दराचा, पुन्हा पूर्ण करायचाय. डॉलर वर गेला की लेमन तुरीचा भाव आमच्या टेबलावर कसा येतो, हे शेटजींनी मागच्या आठवड्यात विचारलं आणि मला अर्धंच सांगता आलं.