ऐच्छिक निबंध लिहावा की जागा रिकामी ठेवावी?

अमेरिकेत पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना मुख्य निबंध लिहावा की नाही याचा फारसा विचार करावा लागत नाही. कॉमन ॲप, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठी एकत्रित अर्ज करण्याची ऑनलाइन सोय, त्यातील हा निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि बहुतेक महाविद्यालये तो मागतात. पेच पडतो तो पुढे, जेव्हा एकेका महाविद्यालयाच्या पानावर ‘ऐच्छिक’ असे नमूद केलेले प्रश्न दिसू लागतात. या प्रश्नांना सरसकट एकच नियम लावणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांत दोन निरनिराळे प्रकार आहेत. एकात महाविद्यालय विद्यार्थ्याला त्याच्याविषयी आणखी काही विचारते, तर दुसऱ्यात अर्जातील एखादी बाब स्पष्ट करण्यासाठी मोकळी जागा दिलेली असते. पहिला प्रकार शक्यतो लिहावा आणि दुसरा सांगण्यासारखे काही असेल तरच लिहावा, असे माझे मत आहे.

पहिल्या प्रकारात ड्यूक विद्यापीठाचे उदाहरण घेता येईल. तेथे अलीकडच्या वर्षांत सक्तीच्या प्रश्नाखेरीज सुमारे २५० शब्दांचे ऐच्छिक प्रश्नही असत, आणि अर्जात इतरत्र न आलेली अर्थपूर्ण भर पडणार असेल तर उत्तर द्यावे, अशा आशयाची सूचना त्यांच्यासोबत दिलेली असे. उत्तर न दिल्याने अर्ज बाद होत नाही, हे खरेच आहे. तरीही मोजक्या जागांसाठी हजारो अर्ज येतात, तेथे अर्ज वाचणाऱ्यापुढे गुणपत्रिका, एक निबंध आणि उपक्रमांची यादी एवढेच असेल, तर त्याला त्या मुलाची किंवा मुलीची ओळख पटण्यास फार कमी वाव राहतो. ‘आमच्याच महाविद्यालयात का यायचे आहे?’ हा प्रश्न ऐच्छिक असला, तरी तो कोरा सोडणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण काही महाविद्यालये अर्जदाराला खरोखर किती रस आहे हेही पाहतात.

मात्र लिहिण्याजोगे काही नसताना लिहिलेले उत्तर कोऱ्या जागेपेक्षाही वाईट ठरते. महाविद्यालयाचे नाव बदलून तेच उत्तर दुसरीकडे चालणार असेल, किंवा मुख्य निबंधातील प्रसंगच पुन्हा सांगितला जाणार असेल, तर ते पाठवू नये. आपल्याकडील विद्यार्थी समाज किंवा संस्कृतीविषयीच्या प्रश्नाला अनेकदा गणेशोत्सवाचे वर्णन करून उत्तर देतात. त्या वर्णनातून उत्सव कळतो, विद्यार्थी कळत नाही. त्याऐवजी ढोल-ताशा पथकात नव्या मुलांना ताल शिकवताना आलेली एखादी नेमकी अडचण आणि तिच्यावर काढलेला मार्ग लिहिल्यास २५० शब्द सार्थकी लागतात.

दुसरा प्रकार कॉमन ॲपमधील अतिरिक्त माहितीच्या जागेचा. तिची मर्यादा पूर्वी ६५० शब्दांची होती, ती २०२५-२६ पासून ३०० करण्यात आली. वैयक्तिक अडचणी व परिस्थिती सांगण्यासाठी आणखी २५० शब्दांची वेगळी जागा असते. येथे प्रमाणपत्रांची यादी किंवा आणखी एक ललित निबंध देऊ नये. परंतु महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याकडे येथे सांगण्यासारखे खरोखरच काही असू शकते. अमेरिकेतील महाविद्यालये साधारणपणे नववी ते बारावीची सलग कामगिरी पाहतात, आणि आपल्याकडे मात्र दहावीनंतर बहुधा शाळा सुटून कनिष्ठ महाविद्यालय सुरू होते. त्यामुळे शिफारसपत्र लिहिणारे शिक्षक विद्यार्थ्याला जेमतेम वर्षभर ओळखत असतात, अनेक ठिकाणी समुपदेशक नसतो, आणि अकरावीत जेईईच्या तयारीमुळे गुण घसरलेले असतात. हे तीन-चार साध्या वाक्यांत, तक्रारीचा सूर न लावता मांडले, तर वाचणाऱ्याचा गैरसमज टळतो. घरातील आजारपण किंवा पालकांची बदली असेल, तर ते वैयक्तिक अडचणींच्या वेगळ्या जागेत लिहावे. समुपदेशक असल्यास त्याच्या पत्रातून ही माहिती जाणे अधिक चांगले, आणि तसे झाल्यास या जागा निःशंक मनाने रिकाम्या ठेवाव्यात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत वेगळी आहे. तेथे आठपैकी कोणत्याही चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे द्यावीच लागतात. शिफारसपत्रे मात्र तेथे सहसा मागितली जात नाहीत, त्यामुळे गुणांतील चढ-उतार विद्यार्थ्याने स्वतःच स्पष्ट करणे अधिक गरजेचे ठरते.

वेळेचा हिशेबही टाळता येत नाही. लवकरच्या फेरीची मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीस. याच काळात बारावीच्या पूर्वपरीक्षा आणि जेईई मेनचे जानेवारी सत्र येते. म्हणून प्रवेश मिळाल्यास जेथे नक्की जायचे आहे, अशा तीन-चार महाविद्यालयांचे ऐच्छिक निबंध दिवाळीच्या सुट्टीच्या आत पूर्ण करावेत, आणि उरलेल्या ठिकाणी सक्तीचे निबंध उत्तम उतरल्यानंतर वेळ राहिला तरच ऐच्छिक प्रश्न हाती घ्यावेत.