शाळेत पोलीस आले तर माहिती किती द्यायची? ऑनलाइन ट्रेनिंग केलं, त्याचा रिव्ह्यू

शाळेने आम्हा सहा शिक्षिकांना एक ऑनलाइन ट्रेनिंग करायला लावलं, विषय असा की पोलिसांना मदत पण करायची आणि मुलांची खाजगी माहिती पण सांभाळायची. मला वाटलं सर्टिफिकेटपुरतं असेल, व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासू.

पहिला भाग तसाच निघाला. कायदे, कलमं, बाई नुसत्या स्लाइड वाचतात. लक्षात राहिलं ते एवढंच की संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम १६ मध्ये खाजगीपणाचा हक्क आहे आणि कलम ४० प्रमाणे मुलावर गुन्ह्याचा आरोप असला तरी तो हक्क जात नाही. अमेरिकेतल्या १९७४ च्या फर्पा कायद्याचं (विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या नोंदी खाजगी ठेवण्याचा कायदा) पण उदाहरण होतं, जिवाला धोका असेल तर पालकांच्या संमतीसाठी थांबून राहायची गरज नाही वगैरे.

दुसरा भाग मात्र खरंच भारी आहे. एक प्रसंग दाखवलाय, पोलीस साहेब काउंटरवर येतात, अमुक मुलाचा पत्ता द्या म्हणतात आणि क्लार्क अख्खं रजिस्टर त्यांच्यापुढे उघडून ठेवतो. मी व्हिडिओ थांबवलाच, कारण आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं, वरच्याखालच्या ओळीतल्या मुलांचे पत्ते, फोन नंबर सगळं दिसत होतं, मोबाईलवर पानाचा फोटो काढून नेला आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. ट्रेनिंगमध्ये सांगतात की ओळखपत्र बघा, मागणी लेखी घ्या, मुख्याध्यापकांना कळवा, मग त्या एका मुलाची मागितली तेवढीच माहिती द्या आणि काय दिलं, कुणाला, कधी याची नोंद ठेवा. सीसीटीव्हीचं पण तसंच, दहा मिनिटांचं फुटेज हवं असेल तर दिवसभराचं कॉपी करून द्यायचं नाही. आणि मुलाला बोलवायचं तर माइकवरून नाव पुकारायचं नाही, वर्दीतल्या माणसाने वर्गाच्या दारात उभं राहायचं नाही. (मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेला कळलेलं असतं हो, वेगळं सांगायला नको.)

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते मुलांशी बोलण्याबद्दलचं. मूल काही सांगायला आलं की आपण पटकन म्हणतो "मी कुणाला सांगणार नाही हं", हेच म्हणायचं नाही, आधीच सांगायचं की तुझ्या किंवा कुणाच्या जिवाचं काही असेल तर मला पुढे सांगावं लागेल. मग खोदून खोदून विचारायचं नाही, चौकशी करणं आपलं काम नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. मुलाचा मोबाईल हातात आला तर आपण उघडून बघायचा नाही, आणि पुरावा म्हणून सुद्धा स्क्रीनशॉट काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

आता तक्रारी. घरातल्याच माणसावर संशय असेल तर पालकांना कधी आणि काय कळवायचं, यावर जेमतेम पाच मिनिटं दिलीत, खरी गोची तर तिथेच होते. माहिती मागण्याच्या अर्जाचा नमुना दिला असता तर बरं झालं असतं. क्विझ तर इतकी सोपी की व्हिडिओ न बघता पास व्हाल.

पाचपैकी साडेतीन. पण शाळेने ट्रेनिंगला पाठवलं कुणाला, तर आम्हाला, आणि रजिस्टर, सीसीटीव्हीचा पासवर्ड, कपाटाची किल्ली हे सगळं ऑफिसात, तिथला एकही माणूस यादीत नाही. मी आमच्या क्लार्कदादांना दुसरा भाग माझ्या फोनवर दाखवला, त्यांनी निम्मा बघितला आणि म्हणाले, "मॅडम, लेखी मागायला मी साहेबांना कसं सांगू, ते तुम्हीच सांगा." याचं उत्तर ट्रेनिंगमध्ये नव्हतं, शेवटी मुख्याध्यापकांच्या सहीची एक सूचना छापून काउंटरवर चिकटवली.