ह्यूमन लायब्ररी: माणूस वाचायला मिळतो, शेजारी मिळतो का?

सूची बघायची, एक शीर्षक निवडायचं, टेबलावर नोंद करायची आणि अर्ध्या तासासाठी ‘पुस्तक’ घेऊन बसायचं. इथे पुस्तक म्हणजे समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस. ‘निर्वासित’, ‘जन्मांध’, ‘तुरुंगातून सुटलेला’, ‘धर्म बदललेली’, ‘पोलीस’ अशी शीर्षकं ही माणसं स्वतःहून लावून घेतात आणि अनोळखी माणसाच्या अवघड प्रश्नांसमोर बसतात. मोबदला काही नाही.

कोपनहेगनच्या रॉनी अबेर्गेल आणि त्यांच्या साथीदारांनी २००० साली डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड संगीत महोत्सवात हा प्रयोग पहिल्यांदा केला. चार दिवस, रोज आठ तास, पन्नासहून जास्त शीर्षकं. सुरुवातीला याला ‘लिव्हिंग लायब्ररी’ म्हणत, पुढे ‘ह्यूमन लायब्ररी’ हे नाव रूढ झालं. आता ग्रंथालयं, महाविद्यालयं, मोठ्या कंपन्या, वस्त्यांमधली मंडळं, सगळीकडे हा उपक्रम होतो. ज्या शहरात एका मजल्यावर चार भाषा बोलल्या जातात आणि लिफ्टमध्ये मात्र कुणी कुणाशी बोलत नाही, तिथे याला मागणी असणार हे उघड आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. भीड मोडायला याच्याइतकं साधं आणि परिणामकारक साधन क्वचितच सापडेल. पण दोन समाजांत येणं-जाणं सुरू व्हावं म्हणून कुणी हा उपक्रम ठेवत असेल आणि दुसऱ्या दिवसाची काहीच तयारी केलेली नसेल, तर निराशा ठरलेली आहे.

आधी चांगलं. याची सगळी ताकद आहे ती चौकटीत. एरवी ‘तुमच्यात असं का करतात?’ हा प्रश्न विचारला की विचारणारा असभ्य ठरतो, म्हणून तो प्रश्न वर्षानुवर्षं मनातच राहतो आणि त्याची जागा ऐकीव गोष्टी घेतात. इथे विचारायला परवानगी असते, किंबहुना त्यासाठीच दोघं बसलेले असतात. आणि पुस्तकालाही ‘हे पान मी उघडणार नाही’ म्हणण्याची तेवढीच मुभा असते. नियम मोजके आहेत: पुस्तक घेतलं त्याच अवस्थेत परत करायचं, अपमान करायचा नाही, ठरलेल्या वेळेत उठायचं. पुस्तकासाठीही एक कडक नियम हवा: प्रचार करायचा नाही. धर्माचा नाही, पक्षाचा नाही, संस्थेचाही नाही.

टेबलावर काय होतं ते बघण्यासारखं आहे. पहिली तीन-चार मिनिटं नाव, काम, कुठून आलात यात जातात. मग एक शांतता येते. वाचक सूचीच्या कागदाची घडी घालतो, उलगडतो. नवखा ग्रंथपाल, म्हणजे भेटींवर लक्ष ठेवणारा कार्यकर्ता, इथे घाबरून मध्ये पडतो आणि नेमकी तीच चूक असते. ती शांतता मोडायचं काम पुस्तकाचं. अनुभवी पुस्तकं हातात एक वाक्य तयार ठेवतात: ‘माझं शीर्षक वाचल्यावर तुमच्या मनात पहिल्यांदा काय आलं?’ या एका प्रश्नानंतर खरी भेट सुरू होते.

आता जमवाजमव. खोली मोठी असूनही ती वाया जाते, कारण टेबलं जवळजवळ ठेवलेली असतात. शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू आलं की दोन्हीकडचे आवाज दबतात आणि अवघड विषय टळतो. दोन टेबलांत निदान दोन-अडीच मीटर अंतर ठेवा. खुर्च्या समोरासमोर नकोत, काटकोनात लावा. समोरासमोर बसलं की मुलाखतीचा थाट येतो, आणि काटकोनात नजर सहज दुसरीकडे वळवता येते. माइक, संगीत, उद्घाटनाची भाषणं, यातलं काहीही त्या खोलीत नको. फोटो तर नकोच. ज्यांनी आपल्या आयुष्यातली नाजूक गोष्ट उघडायची तयारी दाखवलीय, त्यांचा चेहरा संध्याकाळी कुणाच्या स्टेटसवर दिसला, तर ती माणसं पुन्हा येत नाहीत.

वेळेचं गणित सरळ आहे. भेट ३० मिनिटांची, नंतर पुस्तकाला १० मिनिटं विश्रांती. तीन तासांत अशा चार फेऱ्या होतात आणि २० मिनिटं हाताशी उरतात, ती उशिरांसाठी लागतातच. १२ पुस्तकं असतील तर एकास एक पद्धतीने ४८ भेटी. गर्दी बघून आयोजक एका पुस्तकापुढे तीन-चार वाचक बसवतात. तीनपर्यंत चालतं. पाच झाले की संवादाची सभा होते: एकजण बोलतो, बाकीचे माना डोलावतात. आणि सलग चारपेक्षा जास्त फेऱ्या कुणालाही देऊ नयेत. पाचव्या फेरीत पुस्तक तीच वाक्यं पाठ म्हटल्यासारखी म्हणायला लागतं, आणि समोरच्याला ते कळतं.

भाषेचा अडसर असेल तर दुभाषा लागतो. या उपक्रमाच्या बोलीत त्याला ‘शब्दकोश’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात दुभाष्याची मर्यादाही आली: अर्थ सांगायचा, मत नाही. दुभाषा असेल तर भेट ३० ऐवजी ४५ मिनिटांची धरा. तो पुस्तकाच्या घरातला, नात्यातला नसावा. मुलासमोर आई आणि नवऱ्यासमोर बायको मोकळं बोलेलच असं नाही.

सूचीवर मात्र मेहनत घ्यायला हवी, आणि बहुतेक ठिकाणी तीच शेवटच्या दिवशी कशीबशी उरकली जाते. शीर्षक पुस्तकाने स्वतः ठरवायचं. आयोजकाने सुचवलेलं शीर्षक म्हणजे पुन्हा बाहेरून मारलेला शिक्काच. शीर्षकाखाली दोन-तीन ओळींत त्या माणसाबद्दल लोक सहसा काय बोलतात ते लिहायचं, अगदी रोखठोक: ‘आळशी’, ‘फुकटचं खातात’, ‘मुलींना शिकू देत नाहीत’. हे वाचताना आयोजक दचकतात आणि भाषा सौम्य करतात. तिथेच घोडं पेंड खातं. गुळगुळीत सूचीतून गुळगुळीत प्रश्न येतात.

पुस्तकांची तयारी दोन तासांची तरी हवी. त्यात प्रत्येकाने तीन कागद भरावेत: कोणत्या प्रश्नांची उत्तरं देणार नाही, कोणत्या प्रश्नाने त्रास होतो तरी उत्तर देईन, आणि भेट थांबवायची असेल तर ग्रंथपालाला कोणती खूण करीन. खूण साधी असावी, टेबलावरचं कार्ड उलटं ठेवणं पुरतं. फिरत्या ग्रंथपालाने दर पाच-सात मिनिटांनी सगळ्या कार्डांवरून नजर फिरवायची, टेबलाशी घुटमळायचं नाही. ज्याची जखम अजून ओली आहे त्याला पुस्तक करू नका, तो कितीही उत्सुक असला तरी. आणि शेवटी वाचक गेल्यावर अर्धा तास सगळ्या पुस्तकांना एकत्र बसवा. दिवसभर जे ऐकलं ते घरी एकट्याने घेऊन जायला लावणं हा अन्याय आहे.

आता उणी बाजू, आणि ती जड आहे.

१९५४ साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह कमी होत नाही. भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्या अधिकाऱ्यांचा, संस्थेचा पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो हे त्यातून दिसलं. चार अटी पूर्ण झाल्या तर परिणाम वाढतो, पण त्यांच्याशिवायही थोडा होतोच. ह्यूमन लायब्ररीला या अटी लावून बघा. पाठिंबा असतो. सामाईक ध्येय नसतं, एकमेकांवाचून अडत नाही. आणि दर्जा? एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. एकजण अभ्यासाला आलेला, दुसरा अभ्यासाचा विषय. त्याच दोन संशोधकांना असंही आढळलं की अशा संपर्काचा परिणाम बहुसंख्य गटावर जितका होतो, त्यापेक्षा अल्पसंख्य गटावर कमी होतो. म्हणजे ज्याने सगळं उघडून दाखवलं त्याच्याच पदरी कमी पडतं.

यावर उपाय आहे, तोही फुकटचा. शेवटच्या फेरीत पुस्तकांना वाचक करा. प्रत्येक पुस्तकाने एक वाचक निवडायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे. दुसरं म्हणजे, प्रत्येक भेटीत वाचकाला स्वतःचा अनुभव सांगायला लावा: ‘तुम्हाला न ओळखता कुणी तुमच्याबद्दल ठरवून टाकलं, असं कधी झालं?’ हे हवेतलं नाही. २०१६ मध्ये ब्रूकमन आणि काला यांनी मायामीत घरोघरी जाऊन केलेल्या प्रयोगात साधारण दहा मिनिटांच्या अशाच संवादाने ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनीही तो परिणाम टिकून होता. उपदेश न करता समोरच्याला स्वतःच्या आठवणीपर्यंत नेणं, हा त्या संवादाचा गाभा होता.

आणखी एक अडचण म्हणजे येणारा वाचक. जो आधीच मोकळ्या मनाचा आहे तोच हौसेने येतो. ज्याने यायला हवं तो घरी बसतो. म्हणून हा उपक्रम वेगळा ‘कार्यक्रम’ म्हणून लावू नका, जिथे लोक आपल्या कामासाठी येतातच तिथे लावा: पालकसभेच्या आधीचा तास, दवाखान्याचं प्रतीक्षालय, नव्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण.

सगळ्यात मोठी त्रुटी दुसऱ्या दिवसाची. इराकमध्ये सल्मा मूसा यांनी फुटबॉल संघांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. विस्थापित ख्रिश्चन खेळाडूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घेतले होते. अशा संघातले खेळाडू नंतरही मुस्लिमांबरोबर सराव करायला जास्त तयार होते, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी वागण्यात तसा बदल दिसला नाही. दोन महिने एकत्र खेळून जर एवढंच, तर अर्ध्या तासाकडून किती मागायचं?

म्हणून तारीख ठरवतानाच पुढच्या आठ आठवड्यांचं काहीतरी सामाईक काम ठरवा. वस्तू दुरुस्तीचा रविवार, मिश्र संघांची स्पर्धा, इमारतीच्या पाण्याचा पाठपुरावा, काहीही, फक्त एकाला दुसऱ्याची गरज पडली पाहिजे. संघ मिश्र करा, एका गटाविरुद्ध दुसरा असे नकोत. बाहेर पडताना वाचकाच्या हातात आभाराचं कार्ड देण्याऐवजी त्या कामाची नोंदवही ठेवा आणि तिच्याशेजारी पुस्तकांपैकीच कुणाला तरी बसवा. ‘पुढच्या रविवारी येताय का?’ हे अर्ध्या तासापूर्वी ज्याच्यासमोर बसला होतात त्यानेच विचारलं, तर नाही म्हणणं जड जातं.

स्वतः आयोजन करणार असाल तर एक व्यावहारिक गोष्ट: ‘ह्यूमन लायब्ररी’ हे नाव वापरायला मूळ संस्थेची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे पत्रकं छापण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या. आणि पहिल्या वेळी बारा पुस्तकांच्या मागे लागू नका. नीट तयार झालेली सहा, दोन ग्रंथपाल, एक नोंदणीचं टेबल आणि आठ आठवड्यांची ती वही, एवढ्यावर सुरुवात होते.