पोलोला बिल्स्टीन बी-६: स्प्रिंग कंपनीच्याच, शॉकअप पिवळे

नागपुरात सस्पेन्शनचं नाव काढलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. वाडीला जा की कामठी रोडला, मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, “ताई, दोन इंच खाली करून घ्या न, मस्त दिसते.” दिसते खरी. पण मला गाडी ऑटोक्रॉसच्या (आखून दिलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाविरुद्धची शर्यत) स्टॉक क्लासात, म्हणजे जवळपास मूळ रूपातल्या गाड्यांच्या वर्गात, उतरवायची होती, आणि मी जिथे भाग घेते तिथे खाली केलेली गाडी तपासणीतच मॉडिफाइड क्लासात जाते. म्हणून स्प्रिंग कंपनीच्याच ठेवल्या आणि चारही शॉकअप बिल्स्टीन या जर्मन कंपनीचे बी-६ घातले. हा रिव्ह्यू त्या शॉकअपचा आहे. पण त्यात नियमांबद्दलही बरंच येईल, कारण नियम समजून न घेता हे शॉकअप घेणाऱ्याला एवढा पैसा कुठे गेला हेच कळणार नाही.

आधी गाडी. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबावर. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एक आडवी तुळई, त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. रोज घरून हिंगण्याच्या एमआयडीसीत जाते, तिथे आमचं टर्निंगचं वर्कशॉप आहे. सुट्टीत हीच गाडी चालवत कोइंबतूरला रेस ट्रॅकवर नेते आणि चालवत परत आणते. ट्रेलर नाही, दुसरी गाडी नाही. त्यामुळे जे बसवायचं ते ट्रॅकवर चाललं पाहिजे आणि नागपूरच्या सिमेंट रोडवरही.

बिल्स्टीनच्या क्रमांकांत लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगते. बी-४ हा मूळ शॉकअपच्या जागी तसाच बसणारा साधा पर्याय. बी-६ ची लांबी मूळ शॉकअपएवढीच, तो कंपनीच्या स्प्रिंगवर चालतो, पण आत मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीची रचना, आणि दाबाखालचा नायट्रोजन. बी-८ तसाच, मात्र आखूड, खाली करणाऱ्या स्प्रिंगसाठी. बी-१२ म्हणजे बी-८ आणि आयबाख कंपनीच्या खाली करणाऱ्या स्प्रिंग एकत्र. बी-१४ आणि बी-१६ हे आटे पाडलेले कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच; बी-१६ मध्ये घुंडी फिरवून डॅम्पिंगही, म्हणजे स्प्रिंगची हालचाल शमवण्याचा जोरही, बदलता येतं. स्टॉक क्लासवाल्याच्या कामाचे यातले पहिले दोनच, आणि शर्यतीसाठी घ्यायचा तर बी-६.

आता नियम. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही हौशी शर्यतींची जुनी संस्था आहे, १९४४ सालची. त्यांच्या ऑटोक्रॉसमध्ये ‘स्ट्रीट’ नावाचा वर्ग आहे. तिथे शॉकअप आपल्या पसंतीचे लावा, पण स्प्रिंग मूळच्याच हव्यात. अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी, डावं-उजवं चाक जोडणारी दांडी) बदलायचा तर पुढचा किंवा मागचा, एकच. त्यांच्याच सर्किट शर्यतींतल्या ‘इम्प्रूव्हड टूरिंग’ वर्गात स्प्रिंगही बदलता येतात, पण तिथे तत्त्व असं की पुस्तकात परवानगी लिहिलेली नसेल तर तो बदल करायचाच नाही. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या ग्रुप एनमध्ये, म्हणजे जवळपास मूळ गाड्यांच्या वर्गात, शॉकअप मोकळे ठेवले होते, पण त्यांची संख्या, प्रकार आणि बसवायच्या जागा मूळ गाडीच्याच. टेलिस्कोपिक असेल तर टेलिस्कोपिकच राहिला पाहिजे.

‘स्ट्रीट’सारख्या वर्गात शॉकअप मोकळे आणि स्प्रिंग बांधलेल्या, असं का? मी मशीन शॉपवाली, मला हा प्रश्न मोजमापाचा वाटतो. स्प्रिंग तपासायला व्हर्नियर पुरतो: तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या, मोकळी उंची. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १२.६ मिलिमीटरची तार घेतली तर फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासाच जास्त, पण स्प्रिंग २१ टक्क्यांहून अधिक कडक होते. पाच चालू वेटोळ्यांतलं एक कापलं तर २५ टक्के कडक, आणि गाडी खाली येते ती वेगळीच. हे सगळं तपासणीच्या टेबलावर पकडता येतं. शॉकअपच्या आत पिस्टनवर कोणत्या पातळ चकत्या रचल्या आहेत, ते डायनोवर, म्हणजे शॉकअपचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, लावल्याशिवाय कळत नाही. शिवाय शॉकअप झिजतो, कधीतरी बदलावाच लागतो, आणि जुन्या गाडीचा मूळ शॉकअप बाजारात मिळेलच असं नाही. जे तपासता येत नाही आणि जे प्रत्येकाला बदलावंच लागतं, त्यावर बंदी घातली तर प्रामाणिक माणसाचंच नुकसान होतं. म्हणून मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. तो मी मनापासून पाळते.

याचं दुसरं टोक म्हणजे स्पेक मियाटा. माझ्दा मियाटा या छोट्या दोन सीटच्या गाड्यांच्या त्या अमेरिकन वर्गात सगळ्यांना एकच ठरलेलं सस्पेन्शन: आयबाखच्या स्प्रिंग पुढे ७०० पौंड प्रति इंच आणि मागे ३२५, म्हणजे आपल्या मापात साधारण १२.५ आणि ५.८ किलो प्रति मिलिमीटर. शॉकअपही बरीच वर्षं बिल्स्टीनचेच सक्तीचे होते. पैसा जास्त असलेल्याला सस्पेन्शनमध्ये काही विकत घेताच येत नाही. आपल्याकडे क्लबांनी एखाद्या स्वस्त गाडीसाठी असा एक वर्ग काढावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. स्विफ्ट चालेल, जुनी पोलोही चालेल.

आता शॉकअप चालतात कसे. साध्या ट्विन-ट्यूबमध्ये, म्हणजे दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये, तेल आणि वायू एकमेकांत मिसळू शकतात. पिस्टन भरभर खालीवर झाला की तेलाला फेस येतो आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो. नळी एकच, त्यामुळे तेलाची उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते. बिल्स्टीनने हे तंत्र १९५७ साली मर्सिडीजबरोबर नेहमीच्या गाड्यांत आणलं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर आणि डांबर मऊ, याचा अर्थ फार चांगला समजतो. आमचं ऑटोक्रॉस माळरानावर होतं. जुन्या शॉकअपवर शेवटच्या फेऱ्यांत मागची बाजू उड्या मारायला लागायची, ब्रेक लावला की चाक जमिनीवर टिकायचं नाही. बी-६ वर पहिली फेरी आणि शेवटची फेरी सारखीच. घड्याळात दिसणाऱ्या फरकापेक्षा मला हा भरवसा जास्त मोलाचा वाटतो, कारण पुढच्या वळणात गाडी काय करेल ते आधीच ठाऊक असतं.

कोइंबतूरजवळच्या चेट्टीपाळ्यमच्या कारी स्पीडवेवर, जो जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, फरक आणखी उघड झाला. एक समज मात्र काढून टाकायला हवा. शॉकअप बदलून वळणात गाडीचं झुकणं कमी होत नाही. लांब वळणात गाडी स्थिरावली की ती किती झुकेल हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. शॉकअप ठरवतो ती किती वेगाने झुकेल. त्यामुळे माझी पोलो फोटोत आजही पूर्वीएवढीच कललेली दिसते. पण डावीकडून उजवीकडे टाकताना मधला तो हेलकावा गेला. स्टीअरिंग फिरवलं की नाक लगेच येतं, आणि गाडी सावरायची वाट न पाहता पुढचं काम सुरू करता येतं.

खाली केलेल्या गाडीबद्दलही इथेच सांगते. मॅकफर्सन स्ट्रटची गाडी फार खाली बसवली की लोअर आर्म आडवे न राहता चाकाकडून खाली गाडीच्या मध्याकडे उतरते होतात. रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि झुकताना चाकाला मिळणारा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा कल, कमी होतो. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर गाडी खाली जाऊनही वळणात जास्त लोळते आणि बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणारा रबर) आपटते. माझ्या ओळखीतल्या एकाच्या स्वस्त कॉइलओव्हरमधून पहिल्याच पावसाळ्यानंतर तेल गळायला लागलं, तो त्रास आणखी वेगळा.

रस्त्यावर कसं वाटतं? शहरात हळू चालताना कडक. जिथे सिमेंट रोड संपतो आणि पेव्हर ब्लॉकची कड खाली असते, तिथे चाक उतरलेलं पाठीला कळतं. घरी कुणाला पाठदुखी असेल तर आधी त्यांना बी-६ लावलेल्या गाडीत मागे बसवून फिरवून आणा. पन्नासच्या पुढे मात्र चित्र पालटतं. समृद्धीवर काँक्रीटच्या सांध्यांचा तालबद्ध धक्का येतो, तो एकदाच येतो आणि तिथेच संपतो. मूळ शॉकअपवर १२० च्या मर्यादेजवळ पोचताना गाडी पाण्यावरच्या होडीसारखी मागेपुढे व्हायची, ते पूर्ण थांबलं. कोइंबतूरचा प्रवास त्यामुळे कमी थकवतो.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगला शॉकअप इथेच वाया जातो. वरचा नट एअर गनने सोडू किंवा आवळू देऊ नका. पिस्टन रॉड फिरतो आणि आतलं सील जातं. रॉडवर पक्कड तर अजिबात नको. त्या क्रोमवर पडलेला एक ओरखडा सील कापत राहतो. टॉप माउंटिंग आणि बेअरिंग त्याच वेळी नवीन घाला, नाहीतर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पडलेलं, मग आवळायचे, म्हणजे बुश पिळलेले राहत नाहीत. आमचे मिस्त्री आधी म्हणाले, “एवढं कोणी करून राहिलं काय ताई?” पण मी शेजारी उभी राहिले आणि त्यांनी सगळं नीट केलं. नंतर अलाइनमेंट हवीच. मागच्या बीमला टो (चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) किंवा कॅम्बर बदलायची सोय नसते, त्यामुळे तिथे फक्त वाचन घेऊन ठेवा.

एक गोष्ट जपून बघा. आतल्या वायूच्या दाबामुळे रॉड सतत बाहेर ढकलला जातो आणि गाडी काही मिलिमीटर वर येऊ शकते. आरसीत नोंदलेल्या बाबींशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, आणि शर्यतीतही उंची मोजली जाऊ शकते. म्हणून बसवण्याआधी आणि नंतर, सपाट फरशीवर, टायरची हवा सारखी ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा.

पैसे? आयात माल आहे, कंपनीच्या शॉकअपच्या कित्येक पटीत जातो. फक्त गाडी सुंदर दिसावी असं वाटत असेल तर हा खर्च करू नका. गाडी आहे तशीच उंच दिसेल. डॅम्पिंग ट्रॅकवर बदलत राहायचं असेल तरी हा तुमचा शॉकअप नाही, याला घुंडी नाही. पण स्टॉक क्लासात भाग घ्यायचा, गाडी एकच, आणि रोज तिच्यातूनच कामाला जायचं, अशा माणसाने टायरनंतरचा पहिला पैसा इथे घालावा. एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलणं) नंतर बघता येतील.

आणि विकत घेण्याआधी ज्या स्पर्धेत उतरायचं आहे तिची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या स्पर्धेची नियमपुस्तिका, मागवून सस्पेन्शनचं कलम वाचा. क्लासांची नावं सारखी असली तरी आतला मजकूर आयोजकागणिक बदलतो. कुठे ‘स्टॉक’ म्हणजे शॉकअपसुद्धा मूळचेच. शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारा, त्यांचं उत्तर छापून शॉकअपच्या बिलाबरोबर आणि स्प्रिंगच्या भाग क्रमांकाच्या फोटोबरोबर फाइलमध्ये ठेवा, आणि तपासणीच्या टेबलावर स्क्रूटिनीअरने, म्हणजे गाडी तपासणाऱ्याने, विचारायच्या आधीच ती फाइल पुढे करा.